ठेवलेला डाव

शेवंतीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवख्या माणसांना लढाई कशी जिंकावी हे समजावून सांगत होतो. म्हणजे विरारच्या माझ्या फ्लॅटमध्ये खिडकीशी लॅपटॉप उघडून बसलो होतो, चहा गार झाला होता आणि मी टाइप करत होतो. मोबाइलवरचे युद्धखेळ हा माझा नोकरीबाहेरचा उद्योग. त्यातही धडाधड गोळ्या झाडायचे खेळ मला जमत नाहीत. एकदा आपण सैन्य हलवायचं, मग समोरच्याने हलवायचं, असे बुद्धिबळासारखे टर्न घेऊन खेळायचे खेळ माझ्या आवडीचे. त्यांच्यावर मी मराठीत व्हिडिओ करतो, थोडेफार लोक बघतात, आणि म्हणूनच या पुरवणीच्या संपादकबाईंनी मला विचारलं होतं, की ज्यांनी असे खेळ कधी हातात घेतले नाहीत त्यांच्यासाठी चार सोप्या सूचना लिहाल का? मी म्हटलं, त्यात काय, डाव्या हातचा मळ. शेवटच्या सूचनेपर्यंत आलोही होतो. तेवढ्यात वटारहून रंजनावहिनींचा, म्हणजे मावशीच्या सुनेचा, फोन आला. मावशी दुपारी जेवून आडव्या झाल्या, वहिनी म्हणाल्या, चहाला उठवायला गेले तर... मी काय बोललो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर मी आधी फाइल सेव्ह केली. मावशी गेली आणि मी फाइल सेव्ह केली, मग चप्पल शोधायला उठलो.

तो लेख काही मी पाठवला नाही. बाईंनी दोनदा आठवण केली, मग त्यांना कारण कळलं तेव्हा म्हणाल्या, जेव्हा जमेल तेव्हा द्या, आणि जे जमेल ते द्या. तर हे जमलंय. यात सूचनाही आहेत, कारण त्या साऱ्या सूचना मी आयुष्यात प्रत्यक्ष समोर बसवून एकाच माणसाला शिकवल्या, आणि त्या माणसाने त्यातल्या निम्म्याही धड पाळल्या नाहीत.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. वटारला त्यांची वाडी आहे, केळी, थोडी पानवेल, आणि फुलं. मावशीचं नाव शेवंती आणि वाडीत मोगरा, यावरून काका जन्मभर तिला चिडवत राहिले. आई नोकरीला जायची, म्हणून शाळेच्या सगळ्या सुट्ट्या माझी रवानगी वटारला. पोहायला मी तिथल्या बावखलात शिकलो. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, पायऱ्या बांधलेलं. शिकलो म्हणजे काय, मावशीने कमरेला दोन सुके भोपळे बांधून ढकलून दिलं आणि वर पायरीवर बसून फुलं ओवत राहिली. मी बोंबललो तर म्हणायची, "पानी काय खातंय का तुला? हात मार." तिच्या माहेरासासरच्या बोलीत 'ण' नव्हताच. माझी आई शहरात राहून 'ण' म्हणायला शिकली होती, आणि वटारला पाऊल ठेवलं की विसरायची.

गणपतीत दुपारची जेवणं आटपली की ओटीवर चटई पडायची आणि पत्त्यांचा मेंढीकोट बसायचा. आई आणि मावशीचा मुलगा विलासदादा एका बाजूला, मावशी आणि मी दुसऱ्या. मी कायम तिचा भिडू. हुकूम कोणता, मेंढी म्हणजे दश्शी कुणाकडे, हे ती मला भुवयांनी सांगायची आणि आई ओरडायची की ताई, खानाखुना नकोत. पण त्या घरात एक पद्धत होती, जी मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही. आम्ही निघायच्या दिवशी जो शेवटचा डाव पडायचा, तो अर्ध्यावर थांबवायचा. हातात उरलेली पानं ज्याने त्याने एका पाटाच्या आपापल्या कोपऱ्यात पालथी ठेवायची आणि मावशी तो पाट तसाच्या तसा उचलून देवघराच्या खोलीतल्या फळीवर ठेवून द्यायची. वर्षभर त्याला कुणी हात लावायचा नाही. झाडलोटसुद्धा त्याच्या कडेकडेने. पुढल्या गणपतीत आम्ही आलो की आधी पाट खाली यायचा आणि डाव तिथून पुढे सुरू व्हायचा. लहानपणी मला याचा फार राग यायचा. पाच मिनिटांत संपला असता की डाव! एकदा मी रडून गोंधळ घातला तेव्हा तिने मला मांडीवर घेऊन सांगितलं, "डाव मोडून जाऊ नये, बाला. ठेवून जावा. अर्धा डाव मानसाला परत आनतो."

आई गेली त्या वर्षीच्या गणपतीत पाट खाली आला, तेव्हा तिच्या कोपऱ्यात तिची पानं तशीच होती. काय करायचं कुणालाच सुचेना. विलासदादाने ती उचलायला हात पुढे केला तर मावशीने तो बाजूला सारला. तिने स्वतः ती पानं उचलली, न बघता बाकीच्या पत्त्यांत मिसळली आणि कितीतरी वेळ नुसती पिसत बसली. "गेल्या मानसाचा हात बघू नये," एवढंच म्हणाली. मग नवीन डाव वाटला. आईच्या जागी नवी नवरी असलेल्या रंजनावहिनी बसल्या.

हे सगळं मला माहीत होतं, हे मुद्दाम सांगतो. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

पुढे नोकरी लागली, विरारला फ्लॅट घेतला. विरारहून आगाशीवरून वटार म्हणजे स्कूटरने अर्धा तासही नाही. जवळ होतो म्हणूनच जाणं होईना. लांबच्या माणसाकडे माणूस रजा काढून जातो, जवळच्याकडे 'या रविवारी नाही तर पुढच्या' करत राहतो. गणपतीत एक दिवस जायचो, जेवायचो, डाव टाकायचो, ठेवायचो, निघायचो. मावशी कधी बोलली नाही. फक्त केळीचा लोंगर स्कूटरला बांधून द्यायची आणि म्हणायची, एकटा मानूस एवढी कशी खानार, शेजाऱ्यांना दे.

गेल्या उन्हाळ्यात ती बावखलाच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आयुष्यभर पहाटे उठून मोगरा खुडणारी बाई ओटीवरच्या खाटेला खिळली. मी भेटायला गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाली, आता रोज ये रे, मला कुनीतरी बोलायला पायजे, ही रंजना कामात असते. मी हो म्हटलं. आणि घरी येताना रस्ताभर हिशेब करत होतो की कसं जमणार. ऑफिस, व्हिडिओ, कुठून रोज येणार? मग मला नामी युक्ती सुचली. माझ्याकडे एक जुना टॅब पडून होता. पुढच्या खेपेला तो घेऊन गेलो आणि माझ्या आवडीचा एक युद्धखेळ त्यावर घालून दिला. दोघांनी दोन गावांहून खेळता येणारा. ती तिच्या सवडीने सैन्य हलवणार, मग माझ्या मोबाइलवर 'तुमचा टर्न' असं येणार, मी माझ्या सवडीने हलवणार. म्हटलं, मावशी, हे आपलं रोजचं भेटणं. ती खूश झाली. आणि मीही खूश झालो... कारण मला जावं लागणार नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच आहे. तो टॅब मी तिला दिला नव्हता, माझ्या जागी ठेवला होता.

मी तिला शिकवायला बसलो तो दिवस मात्र फार मजेत गेला. नकाशा बहुतेक सगळा धुक्याखाली झाकलेला असतो, मध्ये आपला किल्ला आणि चार-दोन सैनिक. मी म्हटलं, पहिलं काम म्हणजे टेहळणी. एक हलका सैनिक असतो, त्याला लांब पाठवायचं, धुकं उघडायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं, आंधळेपणाने पुढे घुसायचं नाही. तिने विचारलं, याचं नाव काय? म्हटलं, नाव नसतं मावशी, टेहळ्या म्हणतात. पण तिथे नाव बदलायची सोय होती आणि ती तिला सापडली. टेहळ्याचं नाव तिने ठेवलं पिंट्या. म्हणजे मी. आणि त्यानंतर काही केल्या ती पिंट्याला किल्ल्याबाहेर सोडेना. "बाहेर धुकं आहे म्हनतोस ना? मग कशाला पाठवू पोराला?" मी कपाळावर हात मारला. टेहळ्या घरात बसवून ठेवणारा सेनापती मी माझ्या हयातीत पहिल्यांदाच पाहिला.

दुसरी गोष्ट मी शिकवली ती अशी की सैन्य पांगू द्यायचं नाही. नवख्या माणसाची हौस अशी की एक घोडेस्वार इकडे धाडतो, एक तिरंदाज तिकडे, आणि एकेकटा गाठून शत्रू त्यांचा फडशा पाडतो. तीन-चार जणांनी लागून राहावं, पुढे ढालवाला, मागे तिरंदाज. हे तिला लगेच पटलं. म्हणाली, बाजाराला जातानाही आम्ही बाया अशाच जातो. उंचावरून लढावं, नदी ओलांडताना अंगावर घाव घेऊ नये, हेही सांगितलं. ते मात्र तिने ऐकलं नाही. तिचं सगळं सैन्य नदीकाठी. कारण विचारलं तर म्हणे, पानी जवळ हवं. एका जाड्या भालेकऱ्याचं नाव तिने तिच्या धाकट्या दिरावरून जग्गू ठेवलं होतं, कारण तोही बसल्या जागचा हलायचा नाही. एखादा सैनिक पडला की ती मला फोन करायची आणि खऱ्याखुऱ्या रागाने विचारायची, तू आपल्या जग्गूला मारलंस? मी सांगायचो की अगं, सैनिकांवर जीव लावायचा नाही, एक गमावून दोन मिळत असतील तर खुशाल गमवावा, हाच तर खेळ आहे. ती म्हणायची, असेल तुझा.

एक मात्र मानलं पाहिजे. नवख्यांना मी नेहमी सांगतो की आधी शेतं, मग शस्त्रं. धान्य नसेल तर सैन्य उपाशी मरतं. पहिले बरेच टर्न लढाईचा विचारही करू नका, शेतं वसवा. हे मावशीला सांगावंच लागलं नाही. तिने नकाशावरची दिसेल ती जागा नांगरून काढली. महिनाभराने मी मोठ्या ऐटीत चाल करून गेलो तर समोर शेतंच शेतं, आणि त्यांच्या जोरावर उभी केलेली एवढी मोठी फौज की माझी पळता भुई थोडी झाली. मी हसलो, रागावलो, मग मागे सरलो. होता होता तिने माझी सगळी गावं घेतली आणि पावसाळा भरात येईपर्यंत माझा एकच किल्ला उरला. त्याच्या चारी बाजूंना तिचे तिरंदाज, घोडेस्वार आणि पडलेल्याच्या जागी आलेला नवा जग्गू. एक घाव, की खेळ खलास.

आणि तो घाव ती घालेना.

तिचा टर्न यायचा, ती एका सैनिकाला इकडून तिकडे करायची, आणि टर्न संपवायची. माझ्या मोबाइलवर 'तुमचा टर्न'. मला हलवायला काही उरलंच नव्हतं, मी नुसता 'संपला' म्हणून दाबायचो. पुन्हा तिचं इकडून तिकडे. मला वाटलं, बाईला कळतच नाहीये की ती जिंकत आली आहे. मी फोनवर माझी ती सूचना सांगितली जी मी सगळ्यांना सांगतो. घायाळ शत्रूला सोडायचं नाही. शेवटचा किल्ला रेंगाळत ठेवायचा नाही, नवखे तिथेच चुकतात, जिंकलेली लढाई संपवत नाहीत. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. गणपतीला गेलो तेव्हा टॅब हातात घेऊन, बोट ठेवून दाखवलं की हे बघ, हा घोडेस्वार इथून इथे, झालं. तिने टॅब माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराने पुसून उशाशी ठेवला. "असू दे तसंच. चल, पत्ते काढ."

त्या दिवशी काठी टेकत ती खाटेवरून चटईपर्यंत चालत आली होती. मेंढीकोट झाला, मी तिचा भिडू, आम्ही दोन डाव हरलो. मला संध्याकाळी एक व्हिडिओ करायचा होता, म्हणून मी घड्याळ बघत होतो. शेवटचा डाव ठेवला. नीट वाकता येत नव्हतं तरी काठी बाजूला ठेवून पाट तिनेच उचलला, दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही. आणि मी, ज्याने तो पाट लहानपणापासून वर जाताना आणि खाली येताना बघितला, तिथे उभा राहून मनात म्हणत होतो की परतल्यावर त्या खेळाचं काहीतरी केलं पाहिजे, रोजची कटकट आहे. देवघराच्या खोलीत पाट, ओटीवर टॅब. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. लोकांना डावपेच शिकवणारा मी!

नवरात्राच्या आसपासची गोष्ट. ऑफिसात मीटिंग चालू होती, मोबाइल टेबलावर होता आणि तो पुन्हा वाजला. 'तुमचा टर्न'. साहेबांनी भुवई उडवली, कुणीतरी फिसकन हसलं. मी मोबाइल मांडीवर घेतला आणि शरणागतीचं बटण दाबलं. त्या खेळात तसं बटण असतं. मी त्याची शिफारसही करतो. हरलेली लढाई ताणत बसू नका, मानाने शरण जा आणि नवा डाव लावा, वेळ वाचतो. पडद्यावर पांढरं निशाण आलं. मला खरंच हलकं वाटलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. एरवी ती आधी जेवलास का विचारायची. त्या दिवशी नाही विचारलं.

"पिंट्या, तू डाव मोडलास?"

मी म्हटलं, "मोडला कुठे, मावशी? तू जिंकलीस! पेढे वाट."

मागे वहिनी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मग मावशी म्हणाली, "जिंकले व्हय... बरं." मला वाटलं, तिला विश्वास बसत नाहीये. मी म्हटलं, दिवाळीनंतर नवा लावू, यापेक्षा मोठा नकाशा घेऊ. ती म्हणाली, "लाव. तुला सवड झाली की लाव."

दिवाळीत ऑफिसचं काम निघालं. दिवाळीनंतर मी व्हिडिओंची एक मालिका सुरू केली. सवड म्हणजे काय, बसमधून उतरून लिफ्ट येईपर्यंतसुद्धा नवा डाव लावून होतो. नाव निवडायचं, नकाशा निवडायचा, निमंत्रण धाडायचं. मी आज लावू, उद्या लावू करत राहिलो. मग थंडी पडली आणि तो फोन आला.

तेराव्याला सगळे जेवून उठल्यावर रंजनावहिनींनी मला टॅब आणून दिला. तुमचा आहे, घेऊन जा, म्हणाल्या. मी उगाचच चालू केला तर पूर्ण चार्ज होता. मी विचारलं, कोण खेळतं यावर? वहिनी म्हणाल्या, कोणी नाही, पण आई रोज सकाळी चार्जिंगला लावायला सांगायच्या. पिंट्या नवा डाव लावील आणि हा बंद असेल तर त्याला वाटेल मी खेळत नाही, असं म्हणायच्या. मग दिवसभर उशाशी ठेवायच्या. मी म्हटलं, अहो, पण मग तिने स्वतःच का नाही लावला? माझ्या डोळ्यांकडे न बघता वहिनींनी सांगितलं, "त्यांना लावता येत नव्हता, भाऊजी. खूप प्रयत्न केला. तुम्ही सगळं शिकवलंत, सुरू कसा करायचा ते तेवढं नव्हतं शिकवलं."

खरं होतं. डाव नेहमी मीच लावून द्यायचो. नवख्या माणसाला सगळ्यात पहिल्यांदा सांगायची गोष्ट मी सांगितलीच नव्हती.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला तोवर पडलाही नव्हता. माझा शेवटचा किल्ला ती घेत का नव्हती? वहिनी जरा चकितच झाल्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं? त्या म्हणाल्या. त्यांनी आणि विलासदादाने मावशीला कितीदा म्हटलं होतं की आई, मारा आता, जिंकून टाका. तर मावशी हसायची. म्हणायची, डाव ठेवलाय मी. मोडला तर तो कशाला येईल?

वहिनींच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोललो असतो. मी ओटीवरून उठलो, वाडीत गेलो, बावखलाच्या पायरीवर बसलो आणि रडलो. त्या बाईने एवढी लढाई जिंकत आणली ती मला धरून ठेवायला. आणि मी तिला सांगत होतो की तुला खेळता येत नाही.

टॅब मी आणला नाही. तिथेच ठेवला.

घरी आल्यावर अर्धवट लेखाची फाइल उघडली. शेवटची सूचना शरणागतीची होती, तिथेच मी थांबलो होतो. ती खोडली. मग वरच्याही एकेक वाचत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी मला मावशीचंच बरोबर वाटायला लागलं. आता कुणी नवखा विचारतो तेव्हा मी टेहळणी सांगतो, शेतं सांगतो, सैन्य पांगू देऊ नका म्हणतो, कारण खेळ जिंकायला ते लागतंच. पण समोर कोण आहे तेही विचारतो. समोर यंत्र असेल तर करा काय करायचं ते. माणूस असेल तर बटण दाबण्याआधी त्याला एक फोन करा. लोकांना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

मागच्या रविवारी वटारला गेलो होतो. कारण काही नव्हतं, तसाच गेलो. अशा रविवारी ती असताना गेलो असतो तर, हे सगळ्या रस्त्याने डोक्यात होतं, आणि ते आता जाणारही नाही. वहिनी देवघराच्या खोलीची साफसफाई करत होत्या. मला बघून थांबल्या, हात धुऊन आल्या, आणि फळीवरचा पाट सांभाळून खाली घेऊन माझ्यासमोर ठेवला. चार कोपऱ्यांत पालथी पानं. "याचं काय करू, तेच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने मिसळवेना. तुम्ही त्यांचे भिडू, तुम्हीच करा."

मी मावशीच्या कोपऱ्यातली पानं उचलली. कडा तिच्या बोटांनी मऊ झालेल्या, मधल्या एका पानावर हळदीचा डाग. किती सोपं होतं उलटून बघणं. मेंढी तिच्याकडे होती की नाही, भुवयांनी ती मला काय सांगत होती, हे त्या दिवशी मी घड्याळ बघत असल्यामुळे मला कळलं नव्हतं. पण गेल्या माणसाचा हात बघू नये. मिसळायलाही हात धजेना. तिचा एक डाव मी मोडला आहे, दुसरा मोडायची माझी छाती नाही. मी पानं होती तशी पालथी ठेवली आणि म्हटलं, राहू दे वहिनी, वर ठेवू या, गणपतीत बसू आपण.

"आणि आईंचा हात?"

"तिची बारी आली की वरचं पान न बघता टाकायचं," मी म्हटलं. "पडेल ते पडेल."

वहिनींनी मान डोलावली. विलासदादाला विचारावं लागेल, म्हणाल्या, पण ते नाही म्हणायचे नाहीत. मी पाट उचलला. मावशी उचलायची तसा, दोन्ही हातांनी, पानं सरकू न देता, आणि फळीवर ठेवला. वहिनी खालून बघत होत्या.

"भाऊजी, गणपतीपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार? पुढचं पान कोणी टाकायचं, उतारी कोणाची होती?"

"माझी," मी म्हटलं. पाट वर ठेवताना मावशीने मला ते दोनदा सांगितलं होतं.